ऊनही खातात, शेजाऱ्यालाही खातात!

थंडीतली सकाळ, गॅलरीतली खुर्ची, हातात वाफाळता चहा आणि आपण मस्त ऊन खात बसलेलो. मराठीत आपण ऊन ‘खातो’, पण खरं सांगा, त्यानं कधी कुणाचं पोट भरलंय? पोहे लागतातच!

आता भेटा अशा एका जमातीला, जी खरोखर ऊन खाते. पोटभर खाते. आणि तोंडी लावायला शेजाऱ्यालाही खाते! ना डोकं, ना दात, ना पोट. अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. पत्ता : जगातला प्रत्येक समुद्र, शिवाय असंख्य तळी. नाव : मिश्रपोषी प्लवक, म्हणजेच मिक्सोप्लँक्टन. आपण लाडानं ‘मिक्सो’ म्हणू या.

माहीत आहे का, ‘प्लँक्टन’ हा शब्द १८८७ मध्ये व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानं आणला? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, भटके. प्रवाह नेईल तिकडे जाणारे. आपला ‘प्लवक’ म्हणजे तरंगणारा. ग्रीकांना ते भटकताना दिसले, आपल्याला तरंगताना. दोघंही बरोबर!

शाळेतल्या साखळीची एक कडी निखळली

शाळेतली अन्नसाखळी आठवतेय? वनस्पतिप्लवक ऊन घेऊन अन्न बनवतात. प्राणिप्लवक त्यांना खातात. प्राणिप्लवकांना छोटे मासे, छोट्यांना मोठे, आणि शेवटी आपल्या ताटात सुरमईची तुकडी. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला शिकारी. चित्र सुबक, मार्क पक्के.

फक्त समुद्रानं ते पुस्तक वाचलेलं नाही! तिथे शेतकरीच संध्याकाळी शिकारीला निघतो. आणि हे एखाददुसऱ्याचं खूळ नाही. ऊन खाणाऱ्या एकपेशीय प्लवकांत शिकारही करणारे इतके आहेत की अपवाद शोधायचा तर डायटमकडे जावं लागतं. डायटम म्हणजे सिलिकाच्या काचेरी डबीत राहणारा प्लवक. डबीचं झाकण बंद, मग शेजाऱ्याला गिळणार कुठून?

‘झाड आणि शिकार? काहीतरीच!’ असं वाटतंय? मग पावसाळ्यात कासच्या पठारावर जा. तिथली निळी-जांभळी नाजूक ‘सीतेची आसवं’ बघून फोटो काढालच, पण त्या फुलांच्या मुळाशी चिमुकल्या पिशव्या असतात आणि त्या सूक्ष्म जीवांना आत खेचून पचवतात. या कुळातल्या सापळ्यांचा झटका मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. पापणी लवेपर्यंत जेवण आत! कासला आपण हे कौतुकानं बघतो. समुद्रात तेच रोज, अब्जावधींच्या संख्येनं चालतं.

पाच मिनिटांत तीन घास

माहीत आहे का, एक शेवाळ किती जेवतं हे मोजता येतं? १९८६ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड बर्ड आणि जेकब काल्फ यांनी मोजलं. पाहुणा होता डायनोब्रायॉन, गोड्या पाण्याच्या तळ्यातलं सोनेरी शेवाळ. सुरईसारख्या नाजूक घरात एक पेशी, अशा सुरया एकीवर एक रचून केलेलं झुडूप. दिसायला इतकं गरीब की कुणालाही वाटावं, हे बापडं उन्हावरच जगत असणार.

बर्ड आणि काल्फ यांनी पाण्यात बॅक्टेरियाच्या आकाराचे चमकणारे बारीक मणी सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. मणी शेवाळाच्या पोटात! हिशेब निघाला तो असा : एकेक पेशी दर पाच मिनिटांना साधारण तीन बॅक्टेरिया गट्टम करत होती. हाच वेग चोवीस तास धरला तर साडेआठशेच्या वर. त्या तळ्यात या ‘शाकाहारी’ मंडळींनी जेवढे बॅक्टेरिया फस्त केले, तेवढे तिथल्या नामांकित भक्षकांनी सगळ्यांनी मिळूनही केले नव्हते.

मग समुद्राची पाळी आली. समुद्राच्या एका चमचाभर पाण्यात सुमारे पन्नास लाख बॅक्टेरिया असतात. त्यांना खातं कोण? २००८ मध्ये मिखाईल झुबकोव्ह आणि ग्लेन टॅरन यांनी उत्तर अटलांटिकमध्ये मोजमाप केलं आणि ‘नेचर’मध्ये उत्तर छापून आलं : उन्हाळ्यात, उजेडाच्या थरात, बॅक्टेरिया खाण्याच्या कामातला ४० ते ९५ टक्के वाटा चिमुकल्या शेवाळांचा. होय, त्याच ऊन खाणाऱ्यांचा!

बरं, मग इतकी वर्षं हे दिसलं कसं नाही? यातला एक खलनायक आहे आयोडीन. प्लवकांचे नमुने टिकवायला ल्यूगोलचं आयोडीन घालायची जुनी रीत आहे. त्यानं सगळं तपकिरी होतं आणि हरितलवकाची, म्हणजे पेशीतल्या ऊन खायच्या यंत्राची, ओळख पटवणारी लाल चमक झाकून जाते. हिरवा पाहुणा बाटलीत शिरतो तपकिरी होऊन, आणि नोंदवहीत पडतो ‘प्राणी’ म्हणून. शिवाय जाळ्यातून ओढताना कित्येक नाजूक पेशी फुटूनच जातात. गुन्हेगार सापडत नव्हता, कारण ठसेच पुसले जात होते.

आणि नाव? ‘मिक्सोप्लँक्टन’ या शब्दाला रीतसर व्याख्या मिळाली ती २०१९ मध्ये. केव्हिन फ्लिन, आदिती मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की प्लवकांचे दोनच कप्पे पुरत नाहीत, तिसरा हवा : ऊनही घेतो आणि घासही गिळतो तो. कोट्यवधी वर्षं समुद्र चालवणाऱ्यांचं बारसं इतक्या उशिरा!

भात आहे, वरण नाही

ऊन फुकट मिळत असताना शिकारीचा खटाटोप कशाला? कारण उन्हातून मिळतो तो फक्त भात. वरणाची सोय नाही. प्रकाशसंश्लेषणातून साखर मिळते, पण पेशी बांधायला नायट्रोजन, फॉस्फरस, लोह लागतं. उन्हाळ्यात समुद्राच्या वरच्या थरात ऊन रगड आणि हे क्षार नावालाच.

आणि बॅक्टेरिया? खताचं तयार पॅकेट! नायट्रोजन, फॉस्फरस, सगळं आत ठासून भरलेलं. शिवाय पाण्यातल्या त्याच क्षारांसाठी बॅक्टेरिया शेवाळाशी भांडतही असतात. म्हणजे एका घासात जेवणही झालं आणि प्रतिस्पर्धीही संपला. दोन्ही डगरींवर हात ठेवू नये, असं आपली माणसं सांगत आली आहेत. मिक्सोनं दोन्ही डगरींवर हात ठेवला आणि नदीच ताब्यात घेतली!

याचा परिणाम थेट माशांपर्यंत पोचतो, तो असा. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साधारण नव्वद टक्के ऊर्जा गळते, दहा टक्के वर चढते. खाल्लेलं बरंचसं अन्न जगण्याच्या खर्चातच जळतं. मिक्सोचं मात्र रोजचं इंधन उन्हातून निघतं, त्यामुळे शिकारीतून आलेला माल अंग धरायला शिल्लक राहतो. पेशी मोठ्या होतात. मोठी पेशी म्हणजे वरच्याला मोठा घास. बेन वॉर्ड आणि मिक फॉलोज यांनी २०१६ मध्ये अख्ख्या जगाच्या समुद्राचं संगणकी प्रारूप चालवून पाहिलं. मिक्सोंना त्यांची खरी जागा दिली तर पेशींचा सरासरी आकार वाढला आणि खोल समुद्राकडे बुडत जाणारा कार्बन सुमारे ३५ टक्क्यांनी चढला. हवेतला कार्बन तळाला पुरण्याच्या कामात एवढा हात कुणाचा, तर ज्यांना पुस्तकात जागाच नव्हती त्यांचा.

प्लवकाने पळवले लवक!

माहीत आहे का, सगळ्या मिक्सोंकडे स्वतःचं स्वयंपाकघर नसतं? काहींची हरितलवकं जन्मजात, घरची. काही भाडेकरू ठेवतात : जिवंत शेवाळ पोटात सांभाळायचं आणि त्यानं रांधलेलं खायचं. आणि काही सरळ चोरतात. तेही सोनं-नाणं नाही, आख्खी शेगडी!

चोरांचा बादशहा आहे मेसोडिनियम रुब्रम. लालसर, केसाळ, एकपेशीय. हा क्रिप्टोफाइट नावाचं शेवाळ पकडतो आणि त्याचं सगळं पचवत नाही. हरितलवक तेवढं जपून ठेवतो आणि त्यावर स्वतः ऊन खाऊ लागतो. आता अडचण अशी की हरितलवकाची देखभाल करायच्या सूचना असतात शेवाळाच्या केंद्रकात. मग? हा पठ्ठ्या केंद्रकही उचलतो! पेटी पळवली, आणि पेटी वाजवणाराही पळवला. २००७ मध्ये मॅथ्यू जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चोरलेलं हे केंद्रक परक्या घरात तीस दिवसांपर्यंत काम करत राहतं. मग नवी पेटी, नवा वादक, नवी मैफल.

मेसोडिनियम वाढला की समुद्र लाल दिसतो, अगदी गेरू कालवल्यासारखा. १८३० च्या दशकात ‘बीगल’ जहाज चिलीच्या किनाऱ्यानं जात असताना चार्ल्स डार्विननं असंच गढूळ-लाल पाणी पाहिलं, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि भराभर पळणारे, पळता पळता फुटून जाणारे जीव टिपून ठेवले. वर्णन इतकं नेमकं की ते बहुधा मेसोडिनियमच असावेत, असं आजचे अनेक अभ्यासक मानतात. डार्विनच्या वहीतला लाल चोर!

थांबा, खरी मजा पुढे आहे. चोरावर मोर भेटायचा आहे.

मोराचं नाव डायनोफायसिस. हा मेसोडिनियमला गाठतो, त्याला एक बारीक नळी टोचतो आणि शहाळ्यातल्या पाण्यासारखं आतलं सगळं ओढून घेतो. आणि चोरीची हरितलवकं? ती पुन्हा ठेवून घेतो! संशोधकांना हा जीव प्रयोगशाळेत वाढवताच येईना. लोक उजेड द्यायचे, खत द्यायचे, हा मरून जायचा. अखेर २००६ मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांना किल्ली सापडली. आधी क्रिप्टोफाइट वाढवा, ते मेसोडिनियमला घाला, मग तो मेसोडिनियम डायनोफायसिसला वाढा. तीन पुडांचा डबा! एक पूड कमी पडला तरी साहेब जेवत नाहीत.

आता त्या हरितलवकाची वंशावळ ऐका. अतिप्राचीन काळी तो एक स्वतंत्र नील-हरित जीवाणू होता. त्याला गिळून लाल शेवाळाचा पूर्वज झाला. लाल शेवाळाला गिळून क्रिप्टोफाइट झाला. क्रिप्टोफाइटला मेसोडिनियमनं लुटलं आणि मेसोडिनियमला डायनोफायसिसनं. सेकंड हँड गाडी आपण बघतो; ही पाच हातांतून गेलेली शेगडी, आणि अजून चालू आहे! इतक्या जुन्या यंत्राची इतकी सुरेख हमी मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

तिसऱ्या, कालवं, खुबे आवडणाऱ्यांनी डायनोफायसिसचं नाव लक्षात ठेवावं. त्याच्या काही प्रजाती ओकाडाइक आम्ल बनवतात. पाणी गाळून जेवणाऱ्या शिंपल्यांत ते साठतं आणि खाणाऱ्याला जुलाब, उलट्या. शिजवून ते जात नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात या विषबाधेचा छडा लागला आणि आज कितीतरी देशांत शिंपल्यांच्या शेतीजवळ पाण्यातले डायनोफायसिस मोजत बसणं हे रोजचं काम आहे.

डोळा, सापळा, मळा

वनस्पतीला डोळे फुटतात का? वार्नोवीड नावाच्या प्लवकांना फुटलेत! एकच पेशी, आणि तिला भिंग असलेला, कॅमेऱ्यासारखा डोळा. १९ व्या शतकात ऑस्कर हर्टविग यांनी हे सांगितलं तेव्हा कार्ल फोग्ट यांचा विश्वासच बसेना. जेलीफिशचा डोळा त्या पेशीनं उचलला असणार, असं त्यांनी ठरवलं. २०१५ मध्ये उलगडा झाला : या डोळ्याचा बाहेरचा पडदा बनलाय तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीच्या पॉवरहाउसचा, आणि आतला दृष्टिपटल घडलाय हरितलवकाच्या भागांपासून. ऊन खायची वस्तू, तिचा चक्क डोळा केला!

कार्लोडिनियम आर्मिजर तर कमालच करतो. स्वतः मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणावा एवढा, आणि शिकार कुणाची? कोपेपॉडची, कोळंबीच्या त्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या नातलगाची, जो एरवी यांनाच खातो! थवा जमतो, विषानं कोपेपॉड लुळा पडतो, नळ्या लागतात, मेजवानी सुरू. गवतानं शेळी खाल्ल्याची ही बातमी २०१२ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली.

सिडनीजवळच्या समुद्रातला प्रोरोसेंट्रम जाळं विणतो. शेंबडासारख्या चिकट पदार्थाचा गोल फुगा अंगाभोवती. त्याच्या वासानं शिकार येते, अडकते, हा हवी तेवढी खातो आणि फुगा टाकून निघून जातो. फुगा आत अडकलेल्यांसकट तळाकडे बुडतो आणि सोबत कार्बनही. २०२२ चं हे संशोधन आहे. खाऊन झाल्यावर उरलेलं इतक्या खोल टाकणारा दुसरा कोण असेल?

आणि ऑर्निथोसर्कस? त्याच्या गळ्याभोवती पारदर्शक झालरीची कॉलर असते. त्या कॉलरीत तो नील-हरित जीवाणूंचा मळा राखतो. लागेल तसा तोडून खातो. फॅशनही झाली, भाजीही झाली!

आपल्या अरबी समुद्रात काय शिजतंय?

आता घरच्या गोष्टीकडे. रात्रीच्या अंधारात लाट फुटते आणि कडेनं निळा उजेड सळसळतो, हे कोकणच्या किनाऱ्यावर पाहिलेले भाग्यवान कमी नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहूलाही असं निळं पाणी दिसलं आणि फोनवर व्हिडिओंची भरती आली. या निळाईमागे अनेकदा असतो नॉक्टिलुका. नावाचा अर्थच रात्रीचा दिवा. एक पेशी, पण खसखशीच्या दाण्याएवढी होऊ शकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही दिसेल. धक्का लागला की लुकलुकते.

माहीत आहे का, नॉक्टिलुका दोन रंगांत येतो? लाल नॉक्टिलुका पक्का शिकारी. डायटम, कोपेपॉडची अंडी, माशांची अंडी, जे सापडेल ते. हिरवा नॉक्टिलुका घरमालक! त्याच्या पोटात हजारो चिमुकली हिरवी शेवाळं पोहत असतात. मोकळी, जिवंत, मजेत. दिवसा ती ऊन घेऊन रांधतात, मालक आयतं खातो, आणि वर बाहेरची शिकारही चालूच. उजेड मिळत राहिला तर बाहेरचं अन्न नसतानाही हा तग धरू शकतो. भाडं रोख नाही, जेवणाच्या डब्यात!

या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात दर हिवाळ्याच्या अखेरीस हा हिरवा नॉक्टिलुका इतका फोफावू लागला की उपग्रहांतून हिरव्या वेलबुट्ट्या दिसाव्यात. पूर्वी त्या दिवसांत राज्य असायचं डायटमचं. या बदलाचा माग काढणाऱ्यांत आघाडीवर आहेत हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि जोआकिम गोएस. दोघांचं संशोधन आज अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेत चालतं आणि दोघांचं गोव्याशी जुनं नातं आहे.

त्यांनी मांडलेली कडी-जोडणी थक्क करणारी आहे. हिमालय-तिबेट पठारावरचा बर्फ घटला. त्यामुळे हिवाळ्यात तिकडून येणारा वारा पूर्वीइतका थंड आणि कोरडा राहिला नाही. समुद्राचा वरचा थर पुरेसा गार होईना, म्हणून खालचं खतावलेलं पाणी घुसळून वर येईना. डायटम उपाशी राहिले. आणि ज्याच्याकडे ऊनही आहे, शिकारही आहे आणि भाडेकरूही आहेत, त्याचं फावलं. हिमालयातला बर्फ आणि ओमानसमोरचं हिरवं पाणी, मधे हजारो किलोमीटर, पण धागा एक!

२०१४ मध्ये याच गटानं आणखी एक कारण पुढे केलं होतं : खालच्या प्राणवायू कमी असलेल्या पाण्याचं पसरणं. त्यावर वाद झाला आणि चांगला झाला. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्र-माहिती संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की ईशान्य अरबी समुद्रातल्या नॉक्टिलुकाचा कमी प्राणवायूशी संबंध दिसत नाही. हीच संस्था आता उपग्रहाच्या मदतीनं शेवाळ-बहरांवर नजर ठेवते. समुद्राच्या तब्येतीवरून आपल्या शास्त्रज्ञांनी असं हिरिरीनं भांडावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता हे आपल्या ताटाशी कुठे येतं? तारली डायटमवर पोसते, बांगडा कोपेपॉडवर. कोपेपॉडला नॉक्टिलुका तोंडात मावत नाही, फार मोठा पडतो. त्याला आवडीनं खातात ते जेलीफिश आणि सॅल्प, पारदर्शक नळकांड्यांसारखे जीव. म्हणजे डायटम-कोपेपॉड-मासा हा जुना रस्ता सोडून ऊर्जा जेलीच्या गल्लीत वळते. जाळ्यात बांगड्याऐवजी गिळगिळीत जेली आली तर खलाशानं कुणाकडे बघायचं? शेवाळाचा बहर म्हणजे माशांची चंगळ, हा जुना हिशेब इथे चुकतो.

नदीत शिरलेलं समुद्री संकट

२०२२ चा उन्हाळा. पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरची ओडर नदी. मेलेल्या माशांचे खच किनाऱ्याला लागले, अंदाजे ३६० टन! दोषी ठरला प्रिम्नेशियम पार्वम, एक सोनेरी मिक्सो. मूळचा खाऱ्या-मचूळ पाण्यातला. खाणींमधून येणाऱ्या खारट सांडपाण्यानं नदी खारावली, उन्हाळ्यानं पाणी तापलं आणि आटलं, आणि या पाहुण्याला घरच्यासारखं वाटलं. त्याचं विष माशांचे कल्ले निकामी करतं. त्याच विषानं तो शेजारच्या पेशी फोडतो आणि खातो. ज्याच्याकडून धोका, त्यालाच आधी गारद करतो. माणसानं मीठ टाकलं आणि भोगलं माशांनी, ही गोष्ट विसरावी असं मला अजिबात वाटत नाही.

डायनोसॉर गेले, हे राहिले

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलुबला अशनी आदळला. आकाश काजळलं. ऊनच संपलं! ऊन खाणाऱ्यांचं काय झालं? चुन्याचं चिलखत घालणाऱ्या कोकोलिथ प्लवकांच्या जवळपास ९० टक्के प्रजाती नाहीशा झाल्या. तगले कोण? २०२० मध्ये समंथा गिब्ज आणि सहकाऱ्यांनी त्या काळातली जीवाश्म-चिलखतं बघितली आणि त्यांत एक भोक सापडलं. भोक कशासाठी, तर कशाभिका, म्हणजे पोहायची चाबकासारखी शेपटी, बाहेर काढायला. पोहता येतं तो शिकार करू शकतो. अंधारात जे जगले ते बहुधा शिकारीवर जगले, आणि उजाडल्यावर पुन्हा ऊन खाऊ लागले. टी-रेक्सला न जमलेलं एका पेशीला जमलं!

अंधार म्हटला की अंटार्क्टिका आलंच. तिथल्या बर्फाखालच्या तळ्यांत महिनोन् महिने सूर्य नाही, तरी पिरॅमिमोनास नावाचं हिरवं शेवाळ बॅक्टेरिया खात हिवाळा काढतं. आणि रॉस समुद्रातला एक एकपेशीय प्लवक चोरलेली हरितलवकं दोन वर्षांहून जास्त काळ चालवतो. फ्रीजमधला माल टिकतो म्हणतात तो असा.

आता जरा अंगणात या. माहीत आहे का, तुळशीचा खापरखापरपणजोबा शिकारी होता? शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीनं नील-हरित जीवाणू गिळला आणि पचवायचं राहून गेलं. तो गिळलेला घास म्हणजे आजचं हरितलवक. वड, आंबा, ज्वारी, कढीपत्ता, सगळी त्या एका अर्धवट जेवणाची लेकरं. सिम्बोमोनास नावाचं हिरवं शेवाळ आजही बॅक्टेरिया गिळतं आणि त्या जुन्या सवयीची आठवण जागी ठेवतं.

एका जिवाची दोन नावं

शाळेतला युग्लिना विसरलात की काय? हिरवा, शेपटीवाला, वनस्पती की प्राणी या प्रश्नाला बाईंनाही दम लागायचा असा! वनस्पतींची नावं ठेवायचा नियमग्रंथ वेगळा, प्राण्यांचा वेगळा. युग्लिनासारख्यांवर दोन्ही खात्यांचा हक्क, त्यामुळे एकाच जिवाला दोन ग्रंथांप्रमाणे दोन वेगळी अधिकृत नावं असू शकतात. माहेरचं आणि सासरचं!

जपानी लोक त्याला ‘मिदोरिमुशी’ म्हणतात, म्हणजे हिरवा किडा. आणि तिथे युग्लिना याच नावाची एक कंपनी २००५ पासून त्याचं पीक घेते. पावडर, बिस्किटं, पेय, इतकंच नव्हे तर विमानाचं इंधनसुद्धा. किडा म्हणा, काही म्हणा, उडतोय खरा!

नावं राहू द्या; पाणी तापलं तर मिक्सोंचं काय? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ऑक्रोमोनास हा मिक्सो वेगवेगळ्या तापमानाला वाढवला. २०१३ चा निष्कर्ष : गरमी वाढली की याचं ऊन खाणं मागे पडतं, शिकार वाढते. कार्बन शोषणाराच कार्बन सोडू लागू शकतो. समुद्राच्या तापमानाकडे बघताना या चिमुकल्यांच्या ताटाकडेही बघावं लागणार आहे.

गुरं आत घ्यायची वेळ

माझा सगळ्यात लाडका मिक्सो शेवटी राखून ठेवलाय. नाव ट्रायलोबेटस सॅक्युलिफर. उष्ण समुद्रांचा रहिवासी, आपल्या अरबी समुद्रातलाही. मिलिमीटरहून लहान, चुन्याच्या बुडबुड्यांचं घर आणि चहूबाजूंना केसाहून बारीक काटे. काट्यांत कोपेपॉड अडकला की जेवण. पण याच्याकडे गुरंही आहेत! शेकडो सोनेरी शेवाळं, त्याच्याच आश्रयाला राहणारी.

सकाळ झाली की हा त्यांना बाहेर सोडतो. एकेक शेवाळ काट्यावरून सरकत सरकत टोकाकडे जातं, उन्हात पसरतं, दिवसभर चरतं. काट्यांवर सोनेरी मोहर आल्यासारखं दिसतं. मालक मधे, गुरं भोवती.

तुम्ही हे संध्याकाळी वाचत असाल, तर रत्नागिरीच्या पश्चिमेला, खोल पाण्यावर, सूर्य टेकत असेल. काट्यांच्या टोकांवरची ती सोनेरी टिंबं आता एकामागून एक परत फिरली असतील. घराच्या दारातून आत. सगळी आत आली की उद्या उजाडेपर्यंत काटे रिकामे.